हिंदुरावांचा जुळा

“मेला हा पट्टा! बाप्याच्या मनगटाचा, आमच्या हाताला कुठला बसतोय? सारखा कोपराकडं पळतोय,” बेबीताई पुटपुटली.

पुटपुटणं स्वतःशीच होतं, पण मालनच्या कानापासून वीतभरावर. मालनने ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं. तिच्या मनगटावरचा पट्टा सरकत नव्हता, कारण पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्याखाली केसांचं रबर दुमडून घातलं होतं. ही युक्ती बेबीताईला सांगावी असं दोन वर्षांत शंभरदा तिच्या मनात आलं. पण युक्ती सांगायची म्हणजे पट्ट्याबद्दल बोलायचं, आणि गाडीतळावर पट्ट्याबद्दल कुणीच बोलत नसे.

साखर कारखान्याचा हा जुना गाडीतळ. ऊस तोडायला यंत्रं आली, बैलगाड्या बंद झाल्या, आणि एवढं मोठं मैदान कॉलनीतल्या बायकांना फिरायला सापडलं. बारा फेऱ्या मारल्या की सहा किलोमीटर. रोज सकाळी आठजणी यायच्या. त्यातल्या पाचजणींच्या हातात बांगड्यांच्या वर काळा, जाड, पुरुषी पट्टा असायचा. सुनांच्या तक्रारी, गुडघे, मेथीची जुडी, सगळं बोलून व्हायचं. बाराव्या फेरीला पाचहीजणी पट्टा काढून पदराला बांधायच्या आणि घरी जाऊन तो ज्याचा त्याच्या मनगटावर चढवायच्या.

मालनच्या घरी तो चढायचा हिंदुरावांच्या मनगटावर.

हिंदुराव शिंत्रे म्हणजे कारखान्यातले क्षार काढणारे मुकादम. उसाचा रस ज्या नळ्यांत उकळून घट्ट होतो, त्या नळ्यांना आतून दगडासारखा क्षार धरतो. तो काढला नाही तर नळी अडते आणि कारखाना बसतो. हिंदुरावांनी बत्तीस वर्षं हेच केलं. नळीत फिरता कटर घालायचा आणि क्षार खरवडून काढायचा. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी पडद्यावर त्यांच्याच हृदयाची रक्तवाहिनी दाखवली. पांढरीफटक, भिंतींना चुना चढलेला. हिंदुराव बघतच राहिले. मग म्हणाले, “बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या नळ्या साफ केल्या. घरची तेवढी राहिली.”

गोष्ट साधी होती. रक्तवाहिनी अरुंद झाली की तिच्यात जाळीची नळी बसवतात आणि आतून फुगवून ती उघडतात. पण भिंतीत चुना साचून दगड झाला असेल तर जाळी पूर्ण उघडत नाही. दगडी चौकटीत छत्री उघडल्यासारखं होतं, काड्या अर्ध्यातच अडकतात. अशी अर्धवट उघडलेली जाळी आज ना उद्या गुठळीने बंद पडते. म्हणून जाळीच्या आधी चुन्याचा बंदोबस्त करावा लागतो. त्याचे मुख्य मार्ग दोन. एक, हिऱ्याची भुकटी बसवलेला मोहरीएवढा कटर मिनिटाला दीड लाख फेऱ्यांनी फिरवून चुना घासायचा. दुसरा, आत बारीक फुगा नेऊन त्यातल्या पाण्यात ठिणग्या पाडायच्या. त्या ठिणग्यांच्या लाटांनी चुना जागच्या जागी तडकतो, मूतखडा फोडतात तसा. त्याला सगळे नुसतं ‘शॉक’ म्हणायचे.

कुणाला कुठला मार्ग बरा, यावर डॉक्टरांची तीस वर्षं भांडणं चालली होती. मग जुळ्याचं यंत्र आलं.

माणसाच्या हृदयाची आतून-बाहेरून चित्रं घेऊन हे यंत्र संगणकात त्याचा जुळा तयार करायचं. चिठ्ठी टाकून ठरायचं. माणसाला कटर आला तर जुळ्याला शॉक, माणसाला शॉक तर जुळ्याला कटर. नंतर मनगटावरचा पट्टा माणसाचं चालणं, झोप, नाडी सगळं टिपून जुळ्याला पाठवायचा. म्हणजे दोघांचं आयुष्य तेच, औषधं तीच, फरक फक्त उपचाराचा. दर सहा महिन्यांनी खऱ्या माणसाची खरी तपासणी व्हायची आणि जुळ्याची हिशोबाने. दोघांचे गुण शंभरपैकी शेजारी शेजारी मोबाइलवर यायचे. एका माणसाने दोन्ही वाटा चालून बघाव्यात, असं हे होतं. याआधी देवालासुद्धा जमलं नव्हतं.

हिंदुरावांना चिठ्ठीत कटर आला. मालनला तो शब्दच आवडला नव्हता. तिला नाही म्हणायची मुभा होती. पण मुलगी, ऋतुजा, शहरात जिथे हिंदुरावांचे उपचार चालले होते त्याच हृदयालयात या शस्त्रक्रियांच्या खोलीत यंत्रं सांभाळायची. ती म्हणाली, “आई, आण्णांच्या चुन्याला कटरच बरा. सही कर.” मालनने सही केली.

अट एकच होती. रोज सहा किलोमीटर चालणं.

पहिले चार दिवस हिंदुराव चालले. पाचव्या दिवशी म्हणाले, “गुडघा धरलाय.” सहाव्या दिवशी म्हणाले, “गाडीतळावर आठ बायका आणि मी एकटा गडी. शोभतंय का?” सातव्या दिवशी त्यांनी पट्टा काढून मालनपुढे धरला. “तू जातीसच की. माझं पण चालून ये.”

आणि मालनला यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं. तिचा सगळा जन्म याच हिशोबाने गेला होता. यांची नोकरी कायम व्हावी म्हणून सोळा सोमवार तिने धरले, कायम झाले ते. यांच्या आयुष्यासाठी वडाला फेऱ्या तिने मारल्या, पोट तिचं रिकामं राहिलं, आयुष्य यांचं वाढलं. बायकोने करायचं आणि नवऱ्याला लागू पडायचं. मग सहा किलोमीटरच तेवढे का लागू पडणार नाहीत? तिने पट्टा बांधला, खाली रबर घातलं आणि निघाली. वडाला सात फेऱ्या, गाडीतळाला बारा, एवढाच काय तो फरक.

पट्ट्याला संशय यायला हवा होता. पण जो घालायचा टाळतो त्याला पकडायला तो शिकलेला होता, जो नेमाने घालतो त्याला नाही. चालताना नाडी वेगळी लागते, तशी ती लागत होती. यंत्राने उलट शाबासकी दिली. नियमित व्यायाम, उत्तम.

पुण्य लागलं, पण जुळ्याला.

वर्षभरात जुळ्याचे गुण ब्याऐंशी झाले. हिंदुरावांचे चौसष्ट. दीड वर्षाने जुळा पंच्याऐंशी, हिंदुराव एकोणसाठ. यंत्राच्या लेखी दोघेही रोज सहा किलोमीटर चालत होते. मग फरक कशाचा? उपचाराचा. यंत्राने सरळ लिहिलं की या रुग्णाला शॉक अधिक लाभला असता.

घरात जुळा माणसासारखा राहायला लागला. “जुळा बघा, काय टुणटुणीत आहे,” मालन भाकरी वाढता वाढता म्हणायची.

“त्याला बायको चांगली मिळाली असंल,” हिंदुराव म्हणायचे आणि वर चटणीवर तेल मागायचे.

असं हसण्यावारी जायचं. पण ऋतुजा महिन्यातून एकदा सुट्टीला घरी आली की मालनच्या जिभेला धार चढायची.

“ये बाई. बापाला कटर लावणारी आली.”

“आई, चिठ्ठीत आला होता तो.”

“चिठ्ठीत आला, पण सही कर कोण म्हणालं? त्या संगणकातल्याला शॉक दिला, तो बघ कसा पळतोय. आणि खऱ्या बापाला घासून घासून पातळ केलास.”

ऋतुजा चहाचे कप उचलून आत न्यायची. एकदाच, चहाचा कप विसळताना, पाठमोरीच म्हणाली, “आई, आण्णा चालतात ना गं?”

“चालतात म्हणजे? मोबाइलात दिसत नाही होय तुला?”

“दिसतं,” ऋतुजा म्हणाली. तिने कप पालथा घातला. त्यानंतर ती दोन महिने घरी आली नाही. मालनला वाटलं, बरं झालं, तोंड लपवतेय. आपण पोरीला ज्या गुन्ह्याची शिक्षा देतोय तो आपल्या मनगटावर बांधलाय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. म्हणूनच बोलणं कमी करता येत नव्हतं. थांबलं की विचार यायचा.

गंमत अशी की बेबीताईच्या घरी नेमकं उलटं चाललं होतं. तिच्या विलासरावांना चिठ्ठीत शॉक आला होता आणि त्यांचा कटरवाला जुळा जोरात होता.

“तुमचं नशीब, कटर मिळाला,” बेबीताई चालता चालता म्हणायची.

“कसलं नशीब! तुम्हालाच चांगलं मिळालं, शॉक,” मालन म्हणायची.

मागून चालणाऱ्या, पट्टेवाल्या तिघींच्या घरीही तेच. ज्या घरात जे झालं ते वाईट, जे झालं नाही ते चांगलं. कुठल्याही शहाण्या माणसाने या पाच घरांचे आकडे शेजारी ठेवले असते तर त्याच्या लक्षात आलं असतं. पण आकडे संगणकात होते आणि शहाणपण गाडीतळावर होतं. दोघांची गाठ पडत नव्हती.

तिसऱ्या वर्षी हिंदुरावांची दुसरी रक्तवाहिनी अडली. या वेळी चिठ्ठी नव्हती, उपचार निवडायचा होता. हृदयालयाने तोवर नियम केला होता की जुळा आणि माणूस यांच्यात वीस गुणांपेक्षा जास्त फरक सलग वर्षभर राहिला, तर जुळ्याचा उपचार द्यायचा. हिंदुरावांचा फरक सत्तावीस होता.

डॉ. बेलसरे या पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी तिघांना खोलीत बसवलं, हिंदुराव, मालन आणि ऋतुजा. पडद्यावर नवीन वाहिनी लावली.

“मला स्वतःला हे शॉकचं काम वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “चुन्याच्या गाठी आत आल्यात, वाट फार बारीक आहे. शॉकचा फुगा आत शिरायलाच अडेल. आधी कटरने वाट करावी, मग बाकीचं. पण यंत्र म्हणतं, यांच्या वाहिन्यांना कटर सोसत नाही. दोन वर्षं रोज व्यायाम करूनही पहिली वाहिनी बिघडत गेली.”

हिंदुराव पडद्याकडे बघत होते. नळी बघितली की त्यांच्यातला मुकादम जागा व्हायचा. “हे काय विचारायचं झालं बाई? नळी एवढी अडली की आधी कटरच. ठोकायचं म्हटलं तरी हत्यार आत तर गेलं पायजे. आमच्यातला कालचा शिकाऊसुद्धा सांगंल.”

“मग कटर करू या?”

“अजिबात नाही,” मालन म्हणाली. “एकदा केला तेवढा बास.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “शिंत्रेबाई, यंत्राचा सल्ला मला एकाच कारणाने बाजूला ठेवता येतो. पट्ट्याची माहिती खरी नाही असं रुग्णाने किंवा त्याच्या घरात राहणाऱ्याने सांगितलं तर. म्हणून प्रत्येकाला विचारते. पट्टा ते स्वतःच घालतात ना? चालतात ते स्वतःच ना?”

खोलीत पंखा नव्हता, तरी हिंदुराव वर बघायला लागले. ऋतुजाने आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तहान लागलेल्या माणसाने भांड्याकडे बघावं तसं ते होतं.

मालनच्या तोंडात ‘नाही’ आलं होतं. दातांपर्यंत आलं होतं. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचं सगळं म्हणावं लागणार होतं. कटर वाईट नव्हता. पोरीने वाईट सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी पोरीला जे बोलले ते... आणि हे घरी बसून राहिले, मी बसू दिलं, चटणीवर तेल वाढलं. एका ‘नाही’च्या मागे केवढी मोठी रांग उभी होती.

“घालतात की,” मालन म्हणाली. “रोज सहा किलोमीटर.”

डॉक्टर हिंदुरावांकडे वळल्या. “खरं का?”

बत्तीस वर्षं नळ्या तपासलेला माणूस. एका वाक्याने स्वतःला वाचवता आलं असतं. पण बायको डॉक्टरसमोर खोटी पडली असती आणि आपण आळशी ठरलो असतो, तेही लेकीसमोर. ते खाकरले.

“चालतोय की,” म्हणाले. “मोबाइलात आहेच सगळं.”

ऋतुजा उठली आणि बाहेर गेली. दार तिने हळूच लावलं.

शॉक ठरला. शस्त्रक्रियेला ऋतुजाने सुट्टी घेतली नाही. आपल्या बापाचं यंत्र तिने स्वतः लावलं. फुगा चाळीस मिनिटं आत शिरेना. शेवटी रेटून शिरला, ठिणग्या पडल्या, चुना थोडा तडकला, थोडा तडकला नाही. जाळी बसवली. एका बाजूला ती चिमटीत धरल्यासारखी राहिली. डॉ. बेलसरे बाहेर येऊन म्हणाल्या, “बघू या.” डॉक्टर ‘बघू या’ म्हणाले की काय बघायचं असतं ते ऋतुजाला माहीत होतं. मालनला वाटलं, झालं एकदाचं.

घरी आणल्यावर हिंदुराव खुशीत होते. “आता मी पण जुळ्यासारखा पळणार,” म्हणाले. मालनने त्यांना मऊ भात दिला. आणि सकाळी सवयीने त्यांचा पट्टा काढून स्वतःला बांधला.

नवव्या दिवशी ती आठव्या फेरीला असताना घरी हिंदुराव खुर्चीतून उठायला गेले आणि उठले नाहीत. जाळी गुठळीने बंद पडली होती. त्या वेळी त्यांचा पट्टा गाडीतळावर होता. नाडी उत्तम लागत होती. धोक्याची सूचना हृदयालयात जायची सोय त्या पट्ट्यात होती, ती गेली नाही. कशी जाणार? पट्ट्याच्या लेखी हिंदुराव चार किलोमीटर चालून आले होते आणि अजून चालत होते.

दिवस झाले, पै-पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी ऋतुजा निघायच्या तयारीत होती. बॅगेवर तिचा मोबाइल होता आणि त्यात अचानक टिंग झालं. दोघींनी बघितलं. जुळ्याचा रोजचा निरोप होता. *आज ६.१ किलोमीटर. गुण ८७. अभिनंदन.*

कारण त्या सकाळी मालन चालून आली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. घरात बसवेना. पट्टा त्या दिवशीच्या साडीच्या पदराला अजून तसाच बांधलेला होता, तो हाताने आपोआप मनगटावर बांधला आणि पाय निघाले.

ऋतुजाने मोबाइलकडे बघितलं. मग आईच्या मनगटाकडे, जिथे रबराची लाल खूण होती. आता ही बोलेल, मालनला वाटलं. बोलावं. शिव्या द्याव्यात. एक थोबाडीत मारावी, पोरीने आईला, हरकत नाही.

ऋतुजाने मोबाइल पालथा ठेवला. “रिक्षा आली गं,” म्हणाली आणि वाकून नमस्कार करून गेली. नमस्कारातही तिचा हात आईच्या पायाला लागला नाही.

मालनला त्या दिवशी कळलं की पोरीला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. डॉक्टरांसमोर ती आईची वाट बघत बसली होती.

सोळाव्या दिवशी मालन पुन्हा गाडीतळावर गेली. बायका हळहळल्या, वाट करून दिली, आणि तिच्या मनगटाकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. मेलेल्या माणसाचा पट्टा होता तो, हिरवा दिवा लुकलुकत होता. एकीनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपापल्या मनगटाकडे बघावं लागलं असतं.

तिसऱ्या फेरीला बेबीताई शेजारी आली.

“उद्या ह्यांना नेतोय,” ती हळूच म्हणाली. “दुसरी नळी. कटर ठरला. शॉक यांना सोसत नाही म्हणतंय मशीन. डॉक्टरबाईंच्या मनात नव्हतं, शॉकच करू या म्हणत होत्या. पण आकडे आहेत ना, तीस गुणांचा फरक.”

“डॉक्टरांनी विचारलं असेल.”

“काय?”

“तेच. पट्ट्याचं.”

बेबीताईचं पाऊल किंचित चुकलं. “विचारलं की. सगळ्यांनाच विचारतात.” पट्टा तिच्या कोपराकडे सरकला होता, तो तिने खाली ओढला. “मेला सारखा पळतोय.”

मालन थांबली. मागच्या तिघी तिच्यावर येऊन आदळता आदळता राहिल्या. तिने मनगटावरचा पट्टा सोडला आणि खालचं रबर काढलं. काळं, घामाने चिकट झालेलं, दोन वर्षं जुनं. बेबीताईचा हात आपसूक पुढे आला. युक्ती तिला लगेच कळली होती आणि चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं हसू आलं होतं.

मालनने रबर दिलं नाही. मुठीत धरलं.

लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर चाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं.

“हिंदुराव चार दिवस चालले, पुढं एकही दिवस नाही,” ती म्हणाली, चौघींनाही ऐकू जाईल अशी. “मी चालले. आणि तुझा विलासही चालत नाही, बेबी.”